रस्टिकेट, एक्सपेल की डिबार? पत्र इंग्रजीत जायचंय

कारकूनबाई

मंडळी, जरा मदत करा. मी एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात कनिष्ठ लिपिक आहे. वसतिगृहात रॅगिंगचं प्रकरण झालं, समितीने चौकशी करून मराठीत अहवाल दिला. त्यात दोन सीनियर मुलांबद्दल लिहिलंय, "एका वर्षासाठी महाविद्यालयातून काढून टाकण्यात यावे." आता हे विद्यापीठाला आणि पालकांना इंग्रजीत कळवायचंय. (पालकांना इंग्रजीत कशाला, ते विचारू नका. एकाचे वडील परराज्यातले, म्हणून सगळ्यांनाच इंग्रजी.)

प्राचार्य म्हणतात, रस्टिकेट लिही. आमचे ओ. एस. (ऑफिस सुपरिंटेंडंट) म्हणतात, एक्सपेल लिही, रस्टिकेट म्हणजे कायमचं, पोरांचं वाटोळं होईल. जुन्या फायली काढल्या तर सगळीकडे 'डिबार्ड'. कॉपी केली डिबार्ड, मारामारी केली डिबार्ड, फी थकवली तरी डिबार्ड.

आणखी एक. ज्या मुलाने तक्रार केली त्याच्याशी आता मजल्यावरची पोरं बोलत नाहीत. मेसमध्ये तो ताट घेऊन बसला की बाकीचे उठतात. अहवालात "त्यास वाळीत टाकण्यात आले आहे" असं आहे. सोशल बॉयकॉट म्हणू का?

जुना फाईलवाला

ताई, तुमच्या ओ. एस. साहेबांना सप्रेम नमस्कार सांगा, पण ते बरोब्बर उलटं बोलतायत.

मी विद्यापीठात शैक्षणिक विभागाच्या टेबलावर नोकरी काढली. हा घोळ तेव्हापासून बघतोय. रस्टिकेट हा शब्द कानाला कडक लागतो म्हणून आपल्याकडे तो कायमचा झाला. मूळ लॅटिन शब्द खेडेगावाचा आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये पोराने दंगा केला की त्याला काही काळ गावी धाडायचे. डोकं थंड झालं की परत ये. कायमचा हाकलला तर एक्सपेल. कवी शेलीला १८११ मध्ये ऑक्सफर्डने नास्तिकतेवरच्या पत्रकाच्या प्रकरणात घालवला, तो असा. तो काही परत आला नाही.

पण तुम्हाला ऑक्सफर्डशी काय करायचंय? यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २००९ ची रॅगिंगविरोधी नियमावली उघडा. शिक्षांची चढती यादी आहे. वर्गात बसायला बंदी, शिष्यवृत्ती रोखणं, परीक्षेपासून डिबार, निकाल राखून ठेवणं, वसतिगृहातून काढणं, प्रवेश रद्द असं करत करत रस्टिकेशन येतं, एक ते चार सत्रांचं. त्याच्याही पुढे एक्सपल्शन, आणि त्यासोबत दुसऱ्या कॉलेजातही ठरावीक मुदतीपर्यंत प्रवेश नाही. तुमचं एक वर्ष म्हणजे दोन सत्रं. तेव्हा "रस्टिकेटेड फॉर टू सेमिस्टर्स". विषय संपला. "एक्सपेल्ड फॉर वन इयर" लिहिलंत तर त्या मुलाच्या वडिलांचा वकील पत्र हातात धरून आधी हसेल आणि मग नोटीस पाठवेल.

डिबार कशापासून तरी असतं. परीक्षेपासून, युवक महोत्सवात कॉलेजतर्फे जाण्यापासून. पुढे 'फ्रॉम' आणि त्या गोष्टीचं नाव नसेल तर तो शब्द लंगडा. तुमच्या जुन्या फायलींतली ती 'डिबार्ड' पोरं नेमकी कशाला मुकली, ते आता ब्रह्मदेवालाच ठाऊक.

डिसमिस मात्र चुकूनही वापरू नका. राज्याच्या १९९९ च्या रॅगिंग कायद्यात तो शब्द कोर्टात दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे, आणि मग पाच वर्षं कुठल्याच संस्थेत प्रवेश नाही.

सनदवाला

फाईलवाल्या काकांना अनुमोदन. फक्त टायपिंग सांभाळा. मी एका नोटिशीत 'स्टुडंट इज डिसबार्ड' वाचलेलं आहे. डिसबार आम्हा वकिलांना करतात. गांधीजींना राजद्रोहाच्या शिक्षेनंतर १९२२ मध्ये इनर टेंपलने (लंडनमधली बॅरिस्टरांची संस्था) केलं आणि १९८८ मध्ये, ते जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर, नाव परत घेतलं. सावरकरांबद्दलही लोक सर्रास डिसबार म्हणतात, पण त्यांना १९०९ मध्ये ग्रेज इनने (तशीच दुसरी संस्था) बारमध्ये, म्हणजे बॅरिस्टर म्हणून, घेतलंच नाही. आत घेतलं नाही तर बाहेर काय काढणार?

आता 'सोशल बॉयकॉट'. तो शब्द टाळा. आपल्याकडे २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे, तो जातपंचायतींसाठी. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्ही तोच शब्द सरकारी पत्रात टाकलात की वाचणारा आधी जात शोधेल. पोरांची जात बघून हे चाललंय असं अहवालात आहे का? नसेल तर 'ऑस्ट्रसाइज्ड' (वाळीत टाकलेला) पुरे.

डब्लिनचा पावशे

बॉयकॉट निघालाच आहे तर राहवत नाही. शब्द इथलाच. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉख मास्क नावाचं सरोवर आहे, तिथे कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये कुळांनी खंड कमी करा म्हटलं, याने घराबाहेर काढायच्या नोटिसा काढल्या. मग गावाने याच्याशी व्यवहारच तोडला. गडी येईनात, दुकानदार माल देईना, धोबीण कपडे घेईना, टपालवालासुद्धा फिरकेना. शेवटी पीक काढायला उत्तरेकडच्या अल्स्टरमधून पन्नास मजूर आणले आणि त्यांच्या राखणीला हजारभर सैनिक. खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट! वर्ष संपायच्या आत साहेब आयर्लंड सोडून गेला.

तेव्हा बॉयकॉटमागे मागणी असते. आपल्या टिळकांच्या बहिष्कारामागेही होती. ऑस्ट्रसिझमला मागणीबिगणी नसते. अथेन्सच्या लोकांनी खापरीवर नाव खरडायचं, सहा हजार खापऱ्या पडल्या पाहिजेत, आणि मग तो माणूस दहा वर्षं शहराबाहेर. गुन्हा सांगायची गरज नाही, मालमत्ताही त्याचीच राहायची. मला ही पद्धत आमच्या सोसायटीत हवी आहे.

जुना फाईलवाला

पावशे, मुद्दा भलताच कामाचा काढलात. ताई, ती पोरं या मुलाकडे काही मागतायत का? की नुसतंच तोंड फिरवतायत?

कारकूनबाई

मागतायत ना. "तक्रार मागे घे, मग बसू तुझ्यासोबत," असं मजल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिलंय. मुलाने स्क्रीनशॉट रेक्टर सरांना दाखवला होता. अहवालात तो नाही. समितीला तो 'पोरांचा रुसवाफुगवा' वाटला म्हणे.

जुना फाईलवाला

मग थांबा. याला ऑस्ट्रसाइज्ड म्हणून सोडून देऊ नका. तक्रारदारावर तक्रार मागे घेण्यासाठी दबाव आहे, आणि त्या यूजीसीच्या नियमावलीतल्या गुन्ह्यांच्या यादीत धमकावणंही आहे आणि चिथावणीही. यात काय बसतं ते समिती ठरवेल, तुम्ही-मी नाही. तुम्ही पत्रात विशेषण न लावता काय घडतं ते लिहा: तो बसल्यावर मुलं टेबलावरून उठतात, अमुक तारखेला ग्रुपवर असा मजकूर आला, प्रत सोबत जोडली आहे. 'प्रेशर टु विथड्रॉ द कंप्लेंट' एवढे शब्द हवेत. आणि पाठवायच्या आधी स्क्रीनशॉट आवक नोंदवहीत चढवून घ्या, नंबर पाडून. नोंद नसलेला कागद फायलीतून कधी गळतो ते कळत नाही.

सनदवाला

+१. आणि त्या मुलाचं नाव पालकांच्या पत्रात घालू नका. विद्यापीठाच्या पत्रातही बंद पाकिटात, गोपनीय शेरा मारून.

कारकूनबाई

आवक नंबर पडला. प्राचार्यांनी स्क्रीनशॉट बघितला आणि समिती परत बोलावलीय, त्यामुळे वाळीतचा परिच्छेद तूर्त पत्रातून काढला. दोघांचं पत्र तयार आहे, रस्टिकेटेड फॉर टू सेमिस्टर्स. ओ. एस. अजून नाराज आहेत, त्यांना नियमावलीचं पान झेरॉक्स करून दिलं. एकच अडलंय. चालू सत्र अर्धं झालंय. दोन सत्रं कुठून मोजायची?

जुना फाईलवाला

ते समितीने ठरवायचं, आणि ठरावात तसं आलं पाहिजे. चालू सत्र धरायचं असेल तर त्यांची आजवरची हजेरी आणि अंतर्गत गुण यांचं काय, तेही त्याच ठरावात घ्या. पुढच्या सत्रापासून मोजणार असाल तर तोवर वसतिगृहात कोण राहणार, हा पहिला प्रश्न.