छतावर चांदण्या येतात कशा? लेकरांना सांगायचंय

केजच्या बाई:
नमस्कार. मी केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. भावानं शिकागोच्या ॲडलर तारांगणाचे फोटो पाठवले, ते सहावीला दाखवले. एक लेकरू म्हणालं, "बाई, छतावर चांदण्या येतात कशा?" मला धड सांगता आलं नाही. कुणी समजावून सांगाल का? आमच्याकडं प्रोजेक्टर नाही.

अंबाजोगाईचे गुरुजी (निवृत्त):
बाई, लेकीकडं गेलो होतो तेव्हा अर्धा दिवस तिथंच काढला. मॅक्स ॲडलर हे सीअर्स या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानदार कंपनीतले बडे अधिकारी. जर्मनीत झाइस या भिंगं-दुर्बिणींच्या कंपनीचं तारे दाखवणारं यंत्र बघून ते भारावले आणि पदरचा पैसा घालून १२ मे १९३० ला हे तारांगण उघडलं. अमेरिकेतलं पहिलं. जुनी वेधयंत्रंही विकत घेतली, म्हणून संग्रहालय सुरुवातीपासूनच सोबत. झाइसची युक्ती १९२३ ची: घुमट पांढरा आणि स्थिर, मधल्या यंत्रातून ताऱ्यांचे ठिपके त्यावर पाडायचे.

पण माझा पाय निघेना तो ॲटवुड गोलापाशी. १९१३ चा, पत्र्याचा, १५ फूट व्यासाचा पोकळ गोल. त्याला ६९२ भोकं. आपण आत अंधारात बसायचं. बाहेरचा उजेड भोकांतून येतो, त्याच चांदण्या! ठळक ताऱ्याला मोठं भोक. गोल फिरला की तारे उगवतात, मावळतात. हे तुमच्या शाळेत जमतं. जुनी काळी छत्री घ्या. टोकाशी ध्रुव, भोवती सप्तर्षी आणि शर्मिष्ठा. दाभणानं भोकं पाडा. दांडी उत्तरेकडं, जमिनीपासून साधारण १९ अंश वर धरा. आपल्याकडं ध्रुव तेवढाच वर दिसतो, शिकागोत ४२ अंशांवर. मग छत्री घड्याळाच्या उलट फिरवा.

परभणीकर:
गुरुजींच्या सांगण्यात एक भर. नकाशा छत्रीच्या आतून खडूनं काढा. बाहेरून काढला तर आतून बघताना सप्तर्षी उलटे दिसतात. माझी एक छत्री अशीच वाया गेली.

केजच्या बाई:
केली हो गुरुजी! परभणीकर भाऊ, तुमचंही ऐकलं, आतूनच आखली. दुपारी पटांगणात चौघं चौघं छत्रीखाली बसवली. सगळ्यांना मृग हवा होता, पण तो ध्रुवापासून फार लांब, छत्रीत बसेना. आता वर्गातली पोरं पाण्याच्या टाकीचं जुनं झाकण मागताहेत.