मदत हवी आहे : व्यापार तुटीचा मासिक आकडा वाचायचा कसा?

वजाबाकी :
नोव्हेंबर २०२४ ची मालव्यापारातली तूट, म्हणजे मालाची आयात निर्यातीपेक्षा जेवढी जास्त ती रक्कम, आधी ३७.८ अब्ज डॉलर जाहीर झाली. आदल्या महिन्यात ती २७ अब्ज होती, त्यामुळे 'विक्रमी तूट' म्हणून बराच गाजावाजा झाला. जानेवारीत मात्र त्यातला सोन्याचा आकडाच १४.८ वरून ९.८ अब्जांवर आणला. असं असेल तर या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा? आणि तूट वाढली म्हणजे अर्थव्यवस्था बिघडली, असं धरायचं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

हिशेबनीस :
सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या) व्यवहारांची नोंद एका यंत्रणेतून दुसरीकडे नेताना काही व्यवहार दोनदा मोजले गेले, म्हणून ती दुरुस्ती झाली. एवढी मोठी दुरुस्ती विरळाच, पण किरकोळ फेरफार दर महिन्याला होतात. म्हणून एका महिन्याच्या आकड्यावर मत बनवू नका, तीन महिन्यांची सरासरी काढा.

मागच्या वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करताना सणांकडे लक्ष ठेवा. २०२३ मध्ये दिवाळी नोव्हेंबरात होती, २०२४ मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस. शिवाय जुलै २०२४ मध्ये सोन्यावरचं आयातशुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं. नुसती टक्केवारी पाहिली की हमखास फसगत होते.

मग आकडा सोलायचा. वाणिज्य मंत्रालयाच्या मासिक पत्रकात 'पेट्रोलियम आणि रत्ने-दागिने वगळून' आयात वेगळी दिलेली असते, ती आधी बघा. यंत्रं, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, रसायनं यांची आयात चढत असेल तर देशात मागणी आणि उत्पादन चालू आहे असा अर्थ निघतो. कच्चं तेल महागल्यामुळे वाढलेली तूट आणि कारखान्यांनी यंत्रं मागवल्यामुळे वाढलेली तूट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, बातमीत दोन्ही एकाच मथळ्याखाली येतात.

सेवांची ओळही तपासा. रिझर्व्ह बँकेची सेवांची आकडेवारी उशिरा येते, त्यामुळे पत्रकातला ताज्या महिन्याचा सेवा-आकडा अंदाज असतो. तसं तळटिपेत लिहिलेलं असतं, पण तळटीप वाचतो कोण!

खरा निकाल लागतो चालू खात्यावर, म्हणजे माल, सेवा, पाठवलेला पैसा, व्याज-लाभांश अशा परदेशाशी झालेल्या देवघेवीच्या एकत्र हिशेबावर. २०२३-२४ चं ढोबळ गणित मांडतो : मालात साधारण २४० अब्ज डॉलर तूट. सेवांतून निव्वळ १६० अब्जांहून जास्त जमा. परदेशातल्या भारतीयांनी पाठवलेला पैसा निव्वळ १०० अब्जांच्या वर. व्याज आणि लाभांशापोटी ५० अब्जांच्या आसपास बाहेर. उरली जीडीपीच्या सुमारे ०.७ टक्के तूट, म्हणजे चिंतेचं काही नाही. २०१२-१३ मध्ये हेच प्रमाण ४.८ टक्के होतं आणि २०१३ मध्ये मे ते ऑगस्ट रुपया कसा कोसळला ते सगळ्यांना आठवत असेल.

खलाशीबुवा :
थोडी भर. तेल वगळताना निर्यातीतूनही वगळा. जामनगरसारख्या ठिकाणी कच्चं तेल शुद्ध होऊन डिझेल-पेट्रोल बाहेर जातं. फक्त आयातीतून तेल काढलं तर तूट उगाच लहान दिसते. हिऱ्यांचंही तेच, कच्चे येतात, सुरतेत पैलू पडून परत जातात.

देशवार तुटीवरही फार जाऊ नये. २०२४-२५ मध्ये चीनशी सुमारे ९९ अब्ज डॉलर तूट आणि अमेरिकेशी ४० अब्जांच्या वर आधिक्य होतं. चीनहून आलेले सुटे भाग इथे जोडून फोन अमेरिकेला गेला, की एकाच वस्तूमुळे एकीकडे तूट अन् दुसरीकडे आधिक्य दिसतं.

वजाबाकी :
दोघांचे आभार. एक शंका राहिली. जीडीपीच्या सूत्रात आयात वजा होते, म्हणजे आयात वाढली की जीडीपी तेवढा घटतो ना?

हिशेबनीस :
नाही. घरात आलेला परदेशी टीव्ही त्याच सूत्रातल्या खासगी उपभोगात (लोकांच्या खर्चात) आधीच धरलेला असतो, वजाबाकी फक्त तो बाहेर काढते. एक आला, एक गेला, परिणाम शून्य. जीडीपी घटेल तो लोकांनी देशी माल सोडून परदेशी घेतला तर.

उलट उदाहरण २०२०-२१ चं घ्या. चालू खात्यावर जीडीपीच्या ०.९ टक्के आधिक्य होतं, कारण टाळेबंदीत आयातच आटली होती. त्या वर्षी जीडीपी मात्र आकसला.