मदत हवी आहे: आतून पोकळ भांडं कातताना लाकूड लेथच्या पकडीतून (चकमधून) सुटतंय

नमस्कार मंडळी,
लाटणी, वाट्या करत लेथवर (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) दोन वर्षं झाली, आता पहिल्यांदाच अरुंद तोंडाचा कलश घेतलाय आणि अडकलोय. गेल्या पावसात परसातला फणस पडला, त्याचे तीन ओंडके जपून ठेवले होते, दोन वाया गेले, एकच उरलाय म्हणून हात लावायच्या आधी विचारतोय.

उंची ८ इंच, पोट साडेपाच, तोंड दीड इंच. लाकडाच्या रेषा लेथच्या लांबीतच आहेत. चार जबड्यांचा चक, ५० मिमीचे जबडे, बुडाला टेनन (जबड्यांत धरायला कातलेला गोल खुंट) १५ मिमी लांब. टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) लावून बाहेरचा आकार मस्त निघतो, पण तो काढून आत कोरायला लागलो की पाचेक इंचावर हत्यार लटपटतं, टकटक आवाज येतो आणि अडकलं की संपलं. पहिला ओंडका सुटून कानाजवळून गेला, फेसशील्ड होतं म्हणून वाचलो. दुसऱ्याचा टेननच मुळातून तुटला, बघितलं तर बरोबर मधून बारीक भेग. लाकूड अजून ओलं आहे, पिवळा भुसा चिकाने हत्याराला चिकटून बसतो, आणि रात्रभर चकमध्ये ठेवलेलं सकाळी हाताने हलत होतं.

चकऐवजी फेसप्लेटला (लेथवर बसणारी भोकांची सपाट चकती) स्क्रू मारून पकडू का? स्टेडी रेस्ट (फिरत्या लाकडाला बाजूने चाकांचा आधार) घरी कुणी केलाय का? सावंतवाडीला चितारआळीत (लाकडी खेळणी करणाऱ्यांची आळी) कुणाची ओळख असेल तर जुने कातारी चक नसताना कसं पकडायचे तेही विचारून सांगा प्लीज.

—

दादा, आधी जबड्यांची आतली खोली मोजा. टेनन त्याहून दोन-तीन मिमी आखूडच हवा, तो तळाला टेकला की ओंडक्याचा खांदा (टेननभोवतीची सपाट कड) जबड्यांवर बसत नाही आणि खरा आधार त्या खांद्याचाच असतो. ओलं लाकूड आवळलेल्या जागी दबतं आणि सुकताना आकसतं, म्हणून कोरताना अधूनमधून आणि सकाळी तर नक्कीच चक परत आवळा. ती भेग झाडाच्या मध्यबिंदूची, पुढचा ओंडका तो मध्य टेननच्या बाहेर जाईल असा कापा. फेसप्लेट चालेल, पण रेषांच्या टोकात स्क्रूची पकड कमी, लांब आणि जाड घ्या, बुडाला दोन इंच जास्तीचं लाकूड सोडा, शेवटी कापून टाकायचं. स्टेडी मी स्केटिंगच्या तीन चाकांचा केलाय, पोटाला टेकवतो, ८ इंचाला लावाच.

—

आत्ताच मोजलं. खोली १३ मिमी, आणि माझा टेनन १५!