हरणाच्या शिकारीचे फोटो टाकण्याची काही रीत असते का?

मॅडिसनकर: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात बंदुकीने हरणं मारायचा ९ दिवसांचा हंगाम लागला की माझं फेसबुक केशरी जाकिटांनी आणि शिंगांनी भरून जातं. शेजाऱ्यांनी लेकीच्या पहिल्या शिकारीचा फोटो फार अभिमानाने दाखवला. काय बोलावं ते सुचेना. मला खरंच समजून घ्यायचंय.

रानवाट: मी इथे सासऱ्यांबरोबर जाते. रीत असते, आणि आमच्या घरी ती कसोशीने पाळतात. आधी रक्त पुसायचं, बाहेर लोंबणारी जीभ आत घालायची, जखमेची बाजू खाली. हरणावर बसायचं नाही. मागे गुडघे टेकून शिंगं हलकेच धरायची. बंदूक रिकामी. जागा कुणालाच सांगायची नाही, म्हणून लोकेशन बंद. फोटो राहिला तरी चालेल, पण मारलेल्या हरणाची नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत व्हायलाच हवी.

सह्याद्रीवेडा: भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ-सांबराची शिकार गुन्हा आहे. इथे असा फोटो पुरावाच ठरतो.

मॅडिसनकर: रानवाटताई, आभार. आणि मांस? २००२ पासून इथल्या हरणांत सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) आहे ना?

रानवाट: हो. म्हणून आम्ही नमुना तपासायला देतो, निकाल येईपर्यंत खात नाही.