दादर ज्वारीची सुदानी किसरा: पीठ कुबट होतं, तव्यावर फाटतं

अमळनेरची_चूल
राम राम मंडळी. सुदानात ज्वारीचं आंबवलेलं पीठ तापलेल्या पत्र्यावर कागदासारखं पसरून किसरा करतात. तीच दादरीच्या पिठाची करायची आहे. पीठ ताजं दळलेलं, त्यात दुप्पट पाणी, रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी वास कुबट येतो, आंबट नाही. खापरावर ओतलं तर ओघळतं, तव्यावर ओतलं तर सोडवताना फाटतं. बिबड्यांसाठी (आपले ज्वारीचे पापड) भिजवलेल्या ज्वारीचं पाणी विरजण म्हणून चालेल का? आणि चिमूटभर सोडा घातला तर?

तापीकाठ
सोडा अजिबात नको. किसरा फुगवायची नसते आणि सोड्यानं कमावलेला आंबटपणा मरतो.

कुबट वासाचं कारण विरजण नसणं. नुसतं पीठ-पाणी ठेवलं की पहिल्या दिवशी भलतेच जिवाणू वाढतात, बुडबुडे येतात, वास घाण येतो. आंबट करणारे, म्हणजे दह्यातल्यांच्या जातीचे जिवाणू मागून जोर धरतात. म्हणून पहिलं पीठ खायचं नाही, त्यातून पुढचं लावायचं. १०० ग्रॅम पीठ, १२० मिली पाणी, झाकून २४ तास. त्यातले २ मोठे चमचे घेऊन पुन्हा तेवढंच ताजं पीठ-पाणी, बाकी ओतून द्यायचं. असं तीनदा केलं की वास स्वच्छ आंबट होतो. तिसऱ्यांदाही कुबटच असेल, किंवा वर गुलाबी-काळी बुरशी दिसली, तर वरचा थर काढून वापरू नका. सगळं फेका आणि भांडं उकळत्या पाण्यानं धुऊन नव्यानं लावा.

पुढे सोपं आहे. अर्धा किलो पिठाला ६०० मिली पाणी आणि ५० ते ७५ मिली जुनं पीठ. उन्हाळ्यात आपल्याकडे ६ ते ८ तासांत तयार होतं, थंडीत १८ तासही लागतात. दर वेळी पाव वाटी बाजूला काढून ठेवायची, तेच पुढचं विरजण. सुदानी घरांतही असंच मागच्या पिठातून पुढचं लावतात.

सातपुडा_पायथा
बिबड्यांच्या पाण्याबद्दल. पहिल्या दिवसाचं नको, त्यात धूळ आणि कोंड्याची घाण असते. तिसऱ्या दिवसाचं, वास आंबट आणि स्वच्छ असेल तर, ५० मिली चालतं. तरी वर सांगितल्याप्रमाणे दोनदा पुढे लावूनच खायला घ्या. वैशाखात जळगाव-भुसावळकडे तिसऱ्या दिवसाचं पाणी बहुतेक वेळा नासलेलं असतं, कारण पाणी रोज बदललेलं नसतं. त्या उन्हात ज्वारी दोन दिवसच भिजवावी.

दोन्ही आंबवणं सारखी धरू नका मात्र. बिबड्यात भरड भिजवतो, सुकवून दळतो आणि मग पीठ उकळत्या पाण्यात घाटून पूर्ण शिजवतो. तिथं आंबवण चवीपुरतं, पकड येते ती घाट्यामुळे. किसरात पीठ कच्चंच पत्र्यावर जातं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून सगळी भिस्त पिठाच्या बारीकपणावर आणि आचेवर. गिरणीचं भाकरीचं पीठ यासाठी जाड पडतं. मैद्याच्या चाळणीनं चाळा, वर राहिलेलं कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीच्या पिठात ढकला. महिन्याभराचं जुनं पीठ कडवट लागतं. पावसात भिजून काळी पडलेली खरीप ज्वारी तर नकोच, त्या दाण्यात बुरशी असते.

खापरभाऊ
खापर मांड्यांसाठी ठीक. तिथं पोळी हातावर वाढवून पालथ्या खापरावर टाकतो, म्हणून फुगीर पाठ चालते. पातळ पीठ तिथून घसरणारच. सुदानात सपाट पत्रा असतो, त्याला साज म्हणतात. पूर्वी मातीचा असे, तो दोका. आपल्याकडे बिडाचा मोठा सपाट तवा घ्या, नॉनस्टिक नको.

करण्याआधी आंबलेल्या पिठात थोडं थोडं पाणी घालून घावनाच्या पिठाइतकं सैल करा. तव्यावर पाण्याचे थेंब नाचून उडाले पाहिजेत. तेलाचं फडकं फिरवा, पण तेल दिसता कामा नये, नाहीतर पीठ धरतच नाही, गोळा होतं. एक पळी ओता आणि लगेच पसरवा. त्यांच्याकडे ताडाच्या पानाची पट्टी असते, गेरगेरिबा. आपल्याला प्लॅस्टिकचं लहान कार्ड चालेल असं वाटतं, पण ते वितळतं. लाकडी पातळ पट्टी ओली करून वापरा. एकाच दिशेनं, न दाबता, २-३ हातांत काम व्हायला हवं. पीठ घट्ट धरल्यावर पुन्हा पट्टी फिरवली की तिथंच फाटतं. उलटायची नाही. मिनिटभरात कडा सुटतात, तेव्हाच उचला. कडा सुटायच्या आधी ओढली तर फाटणारच, तुमचं बहुधा हेच होतंय. कडा सुटूनही मध्ये तुकडे पडत असतील तर पीठ जास्त आंबलंय. थोडं ताजं पीठ मिसळून तासभर थांबा.

काढलेल्या किसरा एकावर एक रचून ओल्या फडक्यात ठेवा, उघड्या राहिल्या की पापड होतात. सोबत मुलाह, म्हणजे पातळ कालवण. त्याला सुकवलेल्या भेंडीची भुकटी घालून बुळबुळीत करतात. आपली उन्हात वाळवलेली भेंडी कुटून चालते.

अमळनेरची_चूल
आभार. ज्वारीला मोड आणून हुलू-मुर हे सुदानी पेय करतात, तेही घरी जमेल का?

तापीकाठ
जमेल, पण तिथं जपून. दाण्यात नाही, पण कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. कोवळा ज्वारीचा चारा खाऊन जनावरं दगावतात ती यामुळेच. म्हणून मोड आलेली ज्वारी कडधान्यासारखी उसळीला वापरायची नाही. पातळ पसरून कडकडीत वाळवा, मग हातांनी चोळून कोंब आणि मुळं झडवा, सुपात पाखडा, उरलेला दाणाच दळा. मोड आणताना थर जाड झाला तर आत ऊब धरून बुरशी येते, म्हणून दोन बोटांपेक्षा जाड नको आणि दिवसातून दोनदा खालीवर करा.

हुलू-मुरात हे पीठ आंबवून मसाल्यासह किसरासारखंच पातळ भाजतात आणि वाळवून ठेवतात. रमजानात ते पापुद्रे पाण्यात भिजवून, गाळून, साखर घालून पितात. आधी साधी किसरा न फाटता उतरू द्या, कारण मोडाचं पीठ गोड असतं आणि तव्याला जास्त चिकटतं.