प्रतिसाद: सोडा ब्रेड दगडासारखा का झाला?

नेब्रास्कातल्या ओ'नील गावच्या सेंट पॅट्रिक्स डेची (17 मार्चचा आयरिश सण) चर्चा वाचली. 1874 मध्ये जॉन ओ'नील यांनी आयरिश लोकांसाठी वसवलेलं हे गाव, भर चौकात रस्त्यावर रंगवलेलं भलंमोठं शॅमरॉक (आयर्लंडचं चिन्ह असलेलं तीन पानांचं रोपटं) वगैरे सगळं आलंय. आपला सोडा ब्रेड (यीस्टऐवजी खायच्या सोड्यावर फुगणारा आयरिश ब्रेड) दगडासारखा का झाला, असं तिथे एकाने विचारलं होतं; त्याचं उत्तर मात्र राहिलं, म्हणून हे.

मैदा 450 ग्रॅम, खायचा सोडा आणि मीठ प्रत्येकी एक सपाट चहाचा चमचा, ताक 350 ते 400 मिली. सोडा चाळूनच घ्या. गुठळी राहिली की पिवळा डाग आणि साबणासारखी चव. आपलं पातळ ताक चालत नाही, आंबट दह्यात थोडं पाणी घालून घुसळा. आंबटपणा कमी तर ब्रेड फुगत नाही.

दगड होतो तो मळण्यामुळे. ही कणीक नव्हे! हाताने जेमतेम गोळा करा, वर खोल फुली कापा (मधला भाग कच्चा राहत नाही) आणि लगेच ओव्हनमध्ये. रेंगाळलात तर वायू निघून जातो. 230 अंश सेल्सिअसवर 15 मिनिटं, मग 200 वर साधारण 30. बुडाला टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झाला.

बेदाणे आणि साखर हा अमेरिकी थाट. आयर्लंडमधला रोजचा ब्रेड साधाच.