ओपन एअरला मॅकबेथ करायचंय, नाशिकच्या थंडीत जमेल का?

विंगेतला_नाशिककर
नमस्कार मंडळी. आमचा हौशी ग्रुप आहे, बरेचसे सातपूर-अंबडला कंपनीत, दोघी शिक्षिका. दरवर्षी एकांकिका करतो, यंदा म्हटलं होऊन जाऊ दे, शेक्सपिअरचं मॅकबेथ मराठीत. कालिदास कलामंदिराचं भाडं आणि तारीख दोन्ही झेपेना म्हणून गंगापूर रोडला एका कॉलेजचा खुला रंगमंच बघितलाय, दगडी पायऱ्या, मागे मोकळं मैदान. डिसेंबर-जानेवारी डोक्यात आहे. पण खून, भूत, चेटकिणी हे सगळं अंधारावर चालणार आणि उघड्यावर ब्लॅकआउट कसा करायचा, रस्त्याचे दिवे थेट स्टेजवर येतात. दिग्दर्शक म्हणतो धुराचं मशीन आणू. आणि स्क्रिप्ट कुठली घ्यावी?

प्रॉम्प्टर_काका
धुराचं मशीन अजिबात आणू नका, मैदानावरचा वारा अर्ध्या मिनिटात सगळा धूर पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांच्या नाकात घालेल.
आणि ब्लॅकआउटचं एवढं काय घेऊन बसलात. १६०६ च्या आसपासचं नाटक आहे हे, लंडनच्या ग्लोब थिएटरमध्ये वर छप्पर नाही, दिवे नाहीत, भर दुपारी प्रयोग व्हायचे. मशाल घेऊन माणूस आला की लोकांनी समजायचं रात्र झाली, बाकीचा अंधार संवादात लिहून ठेवलेला आहे, तो कापू नका म्हणजे झालं. राजा डंकनचा खून तर स्टेजवर होतच नाही, तो आत होतो; बाहेर लेडी मॅकबेथ आणि मग खून करून आलेला मॅकबेथ, नवराबायको प्रत्येक आवाजाला दचकत उभे. त्यानंतर दारावरची थाप येते ती स्पीकरवरून देऊ नका. प्रेक्षकांच्या पाठीमागे लाकडी खोकं ठेवा आणि एका पोराला दणादण मारायला लावा, पायऱ्यांवरचे सगळे मागे वळून बघतात की नाही बघा. बंद थिएटरात हे सुख नाही.
माझं ऐकाल तर प्रयोग सहाला सुरू करा. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, चेटकिणी संधिप्रकाशात, आणि खुनापर्यंत येता येता आपोआप काळोख. लाइटवाल्याचं निम्मं काम फुकटात.

विंगेतला_नाशिककर
काका थाप एकदम भारी! पण सहाला अंबडहून कोण पोचणार, शिफ्ट सुटून मेकअपला बसेपर्यंतच सात वाजतात.

प्रॉम्प्टर_काका
मग रविवार धरा की राव.

जुना_रसिक
स्क्रिप्टचं बोलतो. नाशकात बसून हा प्रश्न पडावा याची गंमत वाटली, नाशिकच्याच तात्यासाहेब शिरवाडकरांचं (कुसुमाग्रजांचं) ‘राजमुकुट’ (१९५४) हे मॅकबेथवरूनच केलेलं आहे, नानासाहेब फाटक आणि दुर्गाबाई खोटे होत्या त्यात. भाषा मोठी आहे, हौशी नटाचा दम निघतो पण तोंडात बसली की उघड्यावर लांबपर्यंत जाते. मात्र शिरवाडकर गेले १९९९ ला आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, तेव्हा लेखी परवानगी आधी, तालीम नंतर. शि. म. परांजप्यांचं ‘मानाजीराव’ त्याहून जुनं, ते हक्कातून मोकळं झालंय पण आजच्या पोरांना ते मराठी झेपेल असं वाटत नाही. मूळ इंग्रजीवरून स्वतः करायचं तर शेक्सपिअरचे हक्क कोणाला विचारायला नकोत, नाटकही त्याच्या शोकांतिकांत सगळ्यात आटोपशीर. काहीही घेतलंत तरी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांच्या सेन्सॉरचं) प्रमाणपत्र लागेल, ते शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

मुग्धा_एम
चेटकिणींबद्दल कोणी बोललंच नाही. प्लीज त्यांना फाटकी नऊवारी, विस्कटलेले केस, मळवट असं करू नका. आपल्याकडे गरीब, एकट्या बायकांना चेटकीण ठरवून मारहाण झालीये, त्यासाठी २०१३ ला जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्याच बाईला परत स्टेजवर आणून घाबरवायचं हे मला नाही पटत. तिघींना प्रेक्षकांतच बसवा, साध्या स्वेटर-स्कार्फमध्ये, शेजारच्या काकू वाटल्या पाहिजेत, आणि तिथूनच उठून बोलायला लागू द्या. तशाही त्या खून कर म्हणत नाहीतच, तू राजा होशील एवढंच मॅकबेथला सांगतात, पुढचं सगळं त्याच्या आणि बायकोच्या डोक्यातलं. मॅकबेथने मारवलेल्या मित्राचं, बँकोचं भूतही पायऱ्यांवरूनच खाली उतरवा. मॅकबेथ सोडून कोणालाच ते दिसत नाही, त्यामुळे बाकी नटांनी मान वळवायची नाही, ही तालीम भरपूर लागेल.

साउंडवाला_पंचवटी
आवाजाकडे बघा रे आधी. कॉलर माइकला फोमची टोपी घालाच, नाहीतर लेडी मॅकबेथ झोपेत हात धुतेय आणि स्पीकरमधून नुसतं भुर्रर्र. रात्री दव पडतं, मिक्सर आणि डिमरवर प्लास्टिक टाकून ठेवा. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ला बंद म्हणजे बंद, पोलीस परवानगी वेगळी. मशाली खऱ्या लावणार असाल तर वाळूच्या बादल्या आणि ओली पोती विंगेत हवीत, नटांच्या अंगावर सिंथेटिक झूल नको.
पण खरा शत्रू म्हणजे गंगापूर रोडची लग्नाची लॉन्स! डिसेंबरात तारीख घेतलीत तर इकडे राजाचा खून आणि पलीकडे वरातीत झिंगाट. पंचांग काढा आणि पौष बघा, पौषात लग्नं नसतात, अख्खा रोड शांत. फक्त संक्रांतीचे दोनतीन दिवस सोडा, गच्चीगच्चीवर डीजे असतो.

विंगेतला_नाशिककर
पौष हे डोक्यातच आलं नव्हतं 😄 आमच्या लेडी मॅकबेथच्या सासूबाई म्हणतील पौषात शुभारंभ करतात का, त्यांना कोण समजावणार. रविवारच्या तारखा कॉलेजला विचारतो आणि परवानगीचं पत्र आजच लिहायला घेतो. खोकं वाजवायला पोरगा मिळालाय, ढोलपथकातला आहे.